हातावर पोट असणाऱ्यांची कुत्री आणि नसबंदीचा खर्च : कोल्हापुरात काय जमवता येईल?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी एक गावठी कुत्री पाळलीय, चिंगी. पाळलीय म्हणजे रात्री दारात झोपते, सकाळी चहात बुडवलेला पाव खाते आणि मावशी कामाला निघाल्या की दिवसभर गल्लीची. वर्षातनं दोनदा पिल्लं. पहिले पंधरा दिवस सगळ्या गल्लीला कौतुक, पोरं पिल्लं उचलून फिरतात. मग एक दिवस कुणीतरी ती पोत्यात घालून घाटाकडं नाहीतर मार्केट यार्डाकडं सोडून येतं. मावशींना ते बघवत नाही. "ताई, हिचं ते ऑपरेशन करून टाकायचं हाय, कितीला पडतंय बघा की," म्हणाल्या.

मी बघितलं. एका खासगी दवाखान्यात मादीचे साडेसहा हजार सांगितले, रक्ततपासणी वेगळी. दुसरीकडं थोडे कमी, पण ऑपरेशन झालं की संध्याकाळी घरी न्यायची. मावशींची खोली दहा बाय बारा, माणसं पाच. फुकट नसबंदी भटक्या कुत्र्यांची होते, आणि चिंगीच्या गळ्यात पट्टा आहे. ना धड घरची, ना धड गल्लीची.

चिंगीचं आम्ही वर्गणी काढून करू, तो प्रश्न नाही. पण त्या एकाच वस्तीत अशी कितीतरी कुत्री आहेत. आपल्या गावात हे कुणी जमवलंय का? नेमकं कुठं अडतं? भटकी कुत्री, चावे, कोर्ट यावर भांडायला दुसरे धागे आहेत, तेवढं इथं नको.

उद्यमनगरी

एक नंबर विषय. आमच्या शेडवर रात्रीची राखण करणाऱ्या काकांचीही तीच गत. त्यांचा टायगर नर आहे, त्यामुळं काकांना वाटतं आपला काय संबंध! शेजारची कुत्री माजावर आली की गडी चार-चार दिवस गायब, परत येतो तो कान फाटून. काकांना म्हटलं नसबंदी करूया, तर म्हणतात, "मग भुंकल काय त्यो?"

नियमावर_बोट

ताईंची अडचण नियमांतूनच आलेली आहे. आधी २००१ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले. दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. नव्या नियमांत सरळ वाटणी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेनं करायचं, आणि ती ज्यांच्याकडून करून घेईल त्यांच्याकडं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता हवी. पाळीव प्राण्याचं जंताचं औषध, लस आणि नसबंदी मालकानं बघायची. मालकाची मिळकत किती, हा प्रश्न नियमांत येतच नाही. बंगल्यातला लॅब्राडोर आणि मावशींची चिंगी एकाच रकान्यात.

मात्र एक फट आहे. वस्तीनं मिळून पोसलेलं, कुणा एकाच्या घरात न राहणारं कुत्रं नियमांत रस्त्यावरच्यांतच मोडतं. चिंगीला खरोखर गल्ली पोसत असेल तर गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून प्रभागाच्या आरोग्य विभागाकडं लेखी अर्ज द्यावा. तशी नेली तर भुलेतच कानाला खाच मारतात, नसबंदी झाल्याची ती कायमची खूण. आणि नियमानुसार जिथून उचलली तिथंच आणून सोडायची असते. अर्जात उचलण्याची जागा नीट लिहा, "मारुती मंदिराजवळ" असं नको. आपल्याकडं मारुती मंदिरं काय कमी आहेत?

तांबडापांढरा

इथं माणसं सीपीआरमध्ये, सरकारी दवाखान्यात, रांगेत उभी आहेत आणि तुम्हाला कुत्र्यांच्या ऑपरेशनची पडलीय. चालू द्या.

रंकाळावेस

दादा, सीपीआरच्या त्या रांगेत कुत्रं चावलं म्हणून लस घ्यायला आलेली माणसंही असतात. पिल्लं कमी झाली तर रांग वाढणार आहे का कमी होणार आहे?

तांबडापांढरा

मुद्दा बरोबर आहे. बसतो गप्प. (वाचतोय मात्र.)

गोठ्यातला_डॉक्टर

मी जिल्ह्यातच पशुवैद्यक आहे. जाहिरात नको म्हणून गाव सांगत नाही.

आधी पैसे कुठं जातात ते सांगतो, कारण "डॉक्टर लुटतात" हे वाक्य पुढच्या चार प्रतिसादांत येणारच आहे. मादीची नसबंदी म्हणजे पोट उघडून अंडाशय आणि गर्भाशय काढायचं. भूल, सलाईन, टाक्यांचा धागा, अँटिबायोटिक, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, उकळून-वाफवून तयार ठेवलेली हत्यारं आणि भूल उतरेपर्यंत शेजारी बसणारा एक माणूस, एवढं सगळं त्यात येतं. नराचं पोट उघडावं लागत नाही, म्हणून त्याचं स्वस्तात होतं. आता गंमत बघा. एक कुत्री आली तरी ऑपरेशनची खोली तेवढीच तयार करावी लागते, पाच आल्या तरी तेवढीच. म्हणून एका वस्तीतली चार-पाच कुत्री एकाच दिवशी ठरवून आणली तर दर बराच खाली आणता येतो. मी स्वतः आणायला तयार असतो.

पण 'ठरवून' हेच जमत नाही. ज्या दिवशी ऑपरेशन त्या दिवशी मालकाची हजेरी बुडते. रिक्षावाला कुत्रं घेत नाही, घेतलं तर दुप्पट मागतो. आणि सगळं जमून कुत्री टेबलाजवळ आली की कळतं, रात्री शेजारच्या जेवणावळीतलं मटण हाणलंय. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी श्वासनळीत गेली तर जनावर हातचं जातं. म्हणून परत पाठवावी लागते. मालक परत येत नाही, कारण दुसरी हजेरी कोण बुडवणार? माझ्या दवाखान्यात न झालेल्या नसबंद्यांपैकी बऱ्याचशा अशा गेल्यात, पैशापायी नव्हे. रात्री दहानंतर खाणं बंद आणि कुत्री बांधून. पाणी सकाळपर्यंत चालतं. सहा महिन्यांच्या पिल्लाला मात्र किती वेळ उपाशी ठेवायचं ते आधी विचारा, लहान जिवाला फार उपाशी ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट गोचीड तापाची. आपल्याकडच्या मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत तो सर्रास असतो. वरून जनावर ठणठणीत, शेपूट हलवतंय, आणि रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या. तसंच टेबलावर घेतलं तर रक्त थांबत नाही. दर कमी करायचा म्हणून कुणी रक्ततपासणी गाळत असेल तर तिथं नेऊ नका. बचत करायची तर गाडीभाड्यात करा.

वय विचारलं नाही कुणी, तरी सांगतो. गावठी मादी सहा महिन्यांच्या आसपास, पहिल्या माजाच्या आधी केलेली उत्तम. पुढं स्तनाच्या गाठी होण्याची शक्यता त्यानं खूप घटते. "एक तरी वेत होऊ द्या, मग करा" याला शास्त्रात काही आधार नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. माजावर असताना शक्यतो करत नाहीत, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज संपून दोन-अडीच महिने जाऊ द्यायचे. नुकती व्यालेली असेल तर पिल्लं अंगावरनं सुटून दूध आटेपर्यंत थांबा.

रंकाळावेस

डॉक्टर, खूप आभार. मावशींची शेजारीण म्हणते, "कशाला चिरफाड? एक इंजेक्शन मिळतंय, दिलं की माजावर येतच नाही." ते स्वस्त आहे म्हणे. द्यावं का?

गोठ्यातला_डॉक्टर

देऊ नका. ते हार्मोनचं इंजेक्शन असतं. स्वस्त आहे हे खरं, पण त्यानं गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो, स्तनाच्या गाठीही होतात. आणि एकदा देऊन भागत नाही, परत परत द्यावं लागतं. गर्भाशयात पू झाला की तेच ऑपरेशन करावं लागतं, फक्त आता आजारी कुत्रीवर, रात्री-अपरात्री, आणि कितीतरी जास्त पैशात. न केलेल्या माद्यांत हा आजार इंजेक्शनाशिवायही होतो, विशेषतः वय झाल्यावर. माज होऊन महिना-दोन महिने झाले आणि कुत्री भसाभसा पाणी पितेय, खात नाही, मागनं घाण येतेय, तर सकाळची वाट बघू नका. कधीकधी घाण येतही नाही, नुसतं पोट फुगतं. ते जास्त वाईट.

उद्यमनगरी, तुमच्या काकांना सांगा, टायगर भुंकणार. राखण तो दारासाठी करतो, वृषणांसाठी नव्हे. हिंडणं आणि मारामाऱ्या मात्र पुष्कळ कमी होतात. ऑपरेशननंतर साधारण महिनाभर त्याला माद्यांपासून लांब ठेवायचं, तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात. आणि एक आजार आहे, समागमातनं कुत्र्या-कुत्र्यांत पसरणारी गाठ. लघवीच्या जागेतनं रक्त ठिबकतं, लोकांना वाटतं लागलंय. दर आठवड्याला शिरेतनं औषध द्यावं लागतं, काही आठवडे. नसबंदी झालेलं, न हिंडणारं कुत्रं त्यातनं बरंचसं वाचतं.

भुदरगडकर

गावाकडची बाजू सांगतो. आमच्याकडं 'जनावरांचे डॉक्टर' म्हणजे गाई-म्हशींचे. दूध संघाचे येतात, सरकारी येतात. म्हैस अडली तर रात्री दोनला पण येतील, पण कुत्र्याचं म्हटलं की हसतात. चूक त्यांची नाही, त्यांच्या दवाखान्यात कुत्र्याला भूल देऊन पोट उघडायची सोयच नसते. जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात, म्हणजे जनावरांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात विचारावं, तिथं शस्त्रक्रिया होतात आणि सरकारी फी नाममात्र असते. पण आमच्याकडनं कोल्हापूर म्हणजे एक अख्खा दिवस.

मग काय होतं? बैल खच्ची करणारा एखादा गावात असतो, त्याला नर कुत्रं देतात. भूल नाही, काही नाही, चौघांनी दाबून धरायचं. एकदा बघितलंय, परत बघायची इच्छा नाही.

नियमावर_बोट

भुदरगडकर, ते सरळसरळ बेकायदा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायची, आणि बिनभुलेचं तर क्रूरताच. गावात हे सांगून वाईटपणा घ्यायचा कुणी, हा प्रश्न वेगळा.

भुदरगडकर

तेच तर. पोलिसपाटलाचंच कुत्रं होतं.

दूरदेशी

मी शाहूपुरीची, सध्या कॅलिफोर्नियात. इथलं एक उदाहरण देते. लॉस एंजलिस शहरानं १९७१ मध्ये महापालिकेच्या पैशातनं कमी दराचा नसबंदी दवाखाना काढला, तोही मालकांच्या कुत्र्यामांजरांसाठी. त्यामागचा विचार असा की बेवारस जनावरांचा पुरवठा मालकांच्या घरातनंच होतो, तेव्हा नळ तिथं बंद करा. पुढं अमेरिकेत अनेक शहरांत तसे दवाखाने निघाले. काही ठिकाणी दवाखानाच गाडीत असतो, तो वस्तीत जाऊन उभा राहतो.

तांबडापांढरा

ताई, लॉस एंजलिस राहू दे, आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी रोज येऊन उभी राहिली तरी नाद खुळा.

(पण मालकाच्या घरात नळ बंद करायचा, हे पटलं. आपल्याकडं सगळं धोरण रस्त्यावरच्या कुत्र्याभोवती. चेन्नईत ब्लू क्रॉस या प्राण्यांच्या संस्थेनं १९६४ पासून, जयपुरात हेल्प इन सफरिंगनं १९९४ पासून हे काम केलं म्हणतात, तेही रस्त्यावरच्यांचंच. पाळलेल्या गरीब कुत्र्याकडं कोण बघतंय?)

नियमावर_बोट

जवळचं उदाहरण हवं तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुण्याच्या अलीकडं हायवेला लागून. शिकवण्याचं रुग्णालय असल्यानं खर्च खासगीपेक्षा कमी. कुणी पुण्याला गाडी घेऊन जाणार असेल तर फोन करून चौकशी करा. मात्र मावशींसारख्यांना ते परवडणार नाही. दवाखाना स्वस्त आणि प्रवास महाग, असा तो प्रकार.

पेठकरी

शिवाजी पेठेतनं लिहितोय. आम्ही हे केलंय, लहान प्रमाणावर. म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या तालमीच्या पोरांपैकी दोघा-तिघांना कुत्र्यांचं वेड. गणपतीला वर्गणी उरली होती, तिचं काय करायचं यावर नेहमीप्रमाणं भांडण. एकजण म्हणाला साउंड सिस्टीम, एकजण म्हणाला सहल. शेवटी निम्मी रक्कम कुत्र्यांवर घालायचं ठरलं, तेही एका पोराच्या पुतण्याला गल्लीतलंच कुत्रं चावलं होतं म्हणून. गल्लीतल्या आणि मागच्या झोपडपट्टीतल्या कुत्र्यांची यादी केली. यादी करायला गेल्यावर खरी मजा.

पहिली अडचण आली देवाची. एक आजी म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी असतंय ते जनावर, त्याला सुरी लावताय व्हय?" दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारं घर ते. वाद घातला असता तर विषय संपला असता. आमच्यातल्या एका पोरानं विचारलं, "आजी, पिल्लं पोत्यात घालून टाकतात ती पण दत्ताचीच की." आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुरुवार सोडून कुठलाही वार धरा.

दुसरी अडचण भीतीची. "नेलेलं कुत्रं परत आणताय का तिकडंच सोडताय?" हा प्रश्न प्रत्येक दारात. त्यांनी पिल्लं गायब झालेली बघितलीत ना. आम्ही नेताना मालकासोबत कुत्र्याचा फोटो काढायचो आणि तो मालकाच्या मोबाईलवर तिथंच पाठवायचो. ज्यांच्याकडं साधा फोन, त्यांना कागदावर लिहून, तालमीचा शिक्का मारून दिलं. शिक्क्याला किंमत आहे हो अजून.

तिसरी अडचण म्हणजे नंतरचे दहा दिवस. सगळ्यांत मोठी हीच, आणि तिचा हिशेब आम्ही धरलाच नव्हता. टाके सुकेपर्यंत कुत्री भिजायला नको, उड्या मारायला नको, चाटायला नको. एका खोलीत पाच माणसं, दारात सांडपाणी, पोरं दिवसभर अंगावर. आम्ही तालमीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत माद्या चार-पाच दिवस ठेवल्या, मग घरी दिल्या. पोरांनी पाळ्या लावल्या होत्या. आखाड्यातनं घामेजलेला पैलवान उठून कुत्रीला गोळी चारतोय, हे दृश्य पेठेनं पहिल्यांदा बघितलं असणार.

रंकाळावेस

पेठकरी दादा, हे वाचून बरं वाटलं. गाडीचं कसं केलंत?

पेठकरी

भाजीवाल्याचा छोटा हत्ती. पहाटे मार्केट यार्डातनं माल उतरला की गाडी दहापर्यंत रिकामीच असते, डिझेलवर यायचा. कुत्री मोकळी नेऊ नका, दोन अनोळखी कुत्री एकत्र आली की हौद्यात रणकंदन. आम्ही दोन पिंजरे कुणाकडनं तरी मागून आणले, बाकीची तोंडाला पट्टी बांधून, एकेक माणूस धरून. पिंजरे असते तर माणसं निम्मी लागली असती.

उद्यमनगरी

पिंजरे माझ्याकडं लागले. आमच्या गल्लीत फॅब्रिकेशनची चार दुकानं आहेत, अँगलचे तुकडे आणि वेल्डमेश भंगारात जातंय. मजुरी मी बोलतो. वॉचमन काकांना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "भुंकणार म्हणतोय नव्हं? मग न्या," म्हणाले.

सुलूकाकू

माझी एक कमी खर्चाची युक्ती. गळ्यात घालायचा तो प्लॅस्टिकचा कोन गावठी कुत्री एका दिवसात फोडते, आणि लहान खोलीत ती सगळीकडं आपटते. त्यापेक्षा पोराचा जुना टी-शर्ट घ्या. गळ्यातनं डोकं, बाह्यांतनं पुढचे पाय, आणि मागचा घोळ पाठीवर, शेपटीच्या अलीकडं गोळा करून रबरबँड. पोटावरचे टाके झाकले जातात. शी-शूला नेताना घोळ वर सरकवायचा. असे दोन असले की एक धुवायला टाकता येतो. ओला झाला की लगेच बदला, ओलं कापड टाक्यांवर राहिलं तर चिघळतं.

आणि कुणी सांगितलं तरी टाक्यांवर हळद-तेल लावू नका. आमच्या शेजारणीनं लावलं, कुत्रीनं चाटून चाटून टाकाच काढला.

गोठ्यातला_डॉक्टर

सुलूकाकूंच्या टी-शर्टला माझी मान्यता. जोडीला एक: दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीतलं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक. मेडिकलवाला देतो म्हणून चालते असं नाही.

आणि नसबंदीच्या दिवशीच रेबीजची लस टोचून घ्या, भूल उतरायच्या आधी. मालक परत लसीसाठी येत नाही, हे गृहीत धरा. पुढच्या वर्षीची तारीख मात्र कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा.

करवीरवासी

पैशाचा मुद्दा राहिलाच. फुकट करायचं का थोडे घ्यायचे? मी म्हणतो फुकटच. ज्याची दिवसाची हजेरी बुडते त्याच्याकडनं आणि वर फी घ्यायची, हे कुठलं शहाणपण?

सुलूकाकू

मी म्हणते घ्यावेत. फुकट दिलं की 'मोफत शिबिर' म्हणून चारचाकीतनं पामेरियन घेऊन येतात लोक, आणि मावशींचा नंबर मागं राहतो.

पेठकरी

दोघांचंही खरं. आम्ही आधी फुकट ठेवलं होतं. सुलूकाकू म्हणतात तसं झालं, शिवाय नाव घालून ऐन वेळी न येणारेही निघाले. मग तीनशे रुपये अनामत केली. कुत्री उपाशी आणि वेळेत आणली की निम्मे परत, टाके बघायला दहाव्या दिवशी आली की उरलेले परत. मग लोक दहाव्या दिवशीही येऊ लागले. आणि चारचाकीवाल्यांना सरळ सांगितलं, दवाखान्यात जा, पूर्ण बिल भरा, जमलं तर एका चिंगीचं पण भरा. एकदोघांनी भरलं, खोटं कशाला बोलू.

करवीरवासी

अनामत परत असेल तर माझा विरोध नाही. पण ते तीनशेसुद्धा एकदम काढणं जड आहे काहींना.

रंकाळावेस

त्यावर मावशींनीच तोडगा काढला. त्यांच्या वस्तीत बायकांची आठवड्याची भिशी आहे. दिवाळीत भांडी घेतात तिच्यातनं. म्हणाल्या, "एका नंबरचे पैसे कुत्र्यांला काढून ठिऊया, ज्याची कुत्री त्यानं हळूहळू भरायचं." म्हणजे अनामत भिशी भरणार, आणि परत आलेले पैसे भिशीतच जाणार. सात बायका तयार आहेत.

भुदरगडकर

जमलं तर ऊसतोडीच्या टोळ्यांचंही डोक्यात ठेवा. हंगामात त्यांच्याबरोबर कुत्री येतात, खोपीजवळ व्यातात. कारखाना बंद झाला की ट्रॅक्टरमध्ये मोठी कुत्री चढते, पिल्लं बऱ्याचदा इथंच राहतात. टोळी एका जागी तीन-चार महिने असते, तेवढ्या वेळात होण्यासारखं आहे. मुकादमाशी बोलावं लागेल.

गोठ्यातला_डॉक्टर

मग पावसाळा सरू द्या. आपल्याकडच्या पावसात दारात झोपणाऱ्या कुत्रीचे टाके कोरडे ठेवणं मलाही जमणार नाही, आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी आलं तर माणसांनाच हलवायची वेळ येते. दिवाळीनंतरचा पंधरवडा धरा. टोळ्याही तोवर आलेल्या असतील. एका दिवशी पाचपेक्षा जास्त घेणार नाही, आणि आधीच्या आठवड्यात सगळ्यांचं रक्त तपासून. माजावर असलेली किंवा दूध पाजणारी त्या यादीत नको.

पेठकरी, पत्र्याची खोली मिळेल ना?

पेठकरी

खोली आहे. फक्त दिवाळीनंतर कुस्त्यांची मैदानं असतात, गुरुवार आणि मैदानाचा दिवस सोडून सांगा.

उद्यमनगरी

डॉक्टर, पिंजऱ्याचं माप द्या. शनिवारी अँगल कापायला घेतोय.

गोठ्यातला_डॉक्टर

लांबी तीन फूट, रुंदी दोन, उंची अडीच. गावठीला पुरतं. तळाला जाळी नको, नखं अडकतात. पत्रा घाला आणि त्यावर ओढून काढता येईल असा ट्रे, म्हणजे धुता येईल. कापलेल्या कडा घासून घ्या.

उद्यमनगरी

दार बाजूला उघडणारं का वर सरकणारं?

गोठ्यातला_डॉक्टर

वर सरकणारं. बाजूचं उघडलं की कुत्री तुमच्या दोन पायांतनं थेट गंगावेशीत.